खाली न येणारे शटर

मी एक जुने लोखंडी शटर आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू बोलायला लागल्या की शेवटी रडतात, असा तुमचा अनुभव असेल. छत्री रडते, घड्याळ रडते, फाटके पुस्तक तर पहिल्या ओळीपासूनच गळा काढते. मी रडणार नाही. मला कोणाची दया नको. तीन माणसे मला ओढत होती तरी मी जागचे हलले नाही, ते का, एवढेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. पत्र्याच्या लांब पट्ट्या एकमेकींत अडकवून त्याने मला तयार केले. दोन बाजूंना सरकायला खाचा, वर गुंडाळून बसायला पेटी, पोटात स्प्रिंग. वेल्डर भारी बोलका होता. मला ठोकता ठोकता म्हणायचा, "समुद्रापुढे उभं राहायचंय तुला. मऊ राहून भागायचं नाही." मी ते मनावर घेतले.

मला आबांनी आणले. समुद्रासमोरच्या रस्त्यावर त्यांचे भाड्याच्या सायकलींचे दुकान होते, खाली दुकान आणि वर दोन खोल्या. आबा रोज सकाळी मला वर ढकलत आणि ओल्या फडक्याने माझ्यावरचे मीठ पुसत. येणारा-जाणारा म्हणे, "आबा, शटर आरशासारखं ठेवलंय की." ते कौतुक ऐकून मी वर पेटीत अंग चोरून बसत असे. पुढे आबा गेले आणि दुकान त्यांच्या दोन सुनांनी हातात घेतले. रस्ता त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतो. थोरली तोंडाने फटकळ, पण पंक्चर काढण्यात तिचा हात धरणारे कोणी नाही. धाकटी कमी बोलते, पण एकदा बोलली की तिला मागे फिरवणे कोणाच्या बापाला जमत नाही. धाकटीची मुलगी ती बारकी.

आमचे गाव म्हणजे चार महिन्यांचे गाव. हंगामात माणसांचा असा लोंढा येतो की वाळूवर पाऊल टाकायला जागा उरत नाही. विहिरी तळाला जातात, नळ गुळण्या करायला लागतात, पाहुण्यांसाठी टँकर येतो आणि गावकरी रिकाम्या बादल्या घेऊन बघत बसतात. मग हंगाम संपतो. त्या संध्याकाळी धक्क्यावरचा भोंगा वाजे आणि रस्त्यावरची सगळी शटरे एका दमात खाली येत. फार पूर्वी एका हॉटेलवाल्याने इतरांपेक्षा आठवडाभर जास्त उघडे ठेवले होते. त्यावरून डोकी फुटली, म्हणून व्यापारी मंडळाने हा नियम केला. पुढे डोकी बरी झाली, भांडण कोणाला आठवेना, नियम मात्र राहिला.

भोंगा वाजला की कुटुंबेच्या कुटुंबे कामासाठी शहराकडे निघत. आमचेही. दोघी जावांचे नवरे शहरात सायकलींच्या कारखान्यात जात आणि बारकीची शाळा बदले. हंगामात इथली, नंतर तिथली. इथे अपूर्णांकांची बेरीज सुरू व्हायच्या आत ती शहरात जाई, आणि तिथे ती शिकवून झालेली असे. पोरीला अपूर्णांकांचा भागाकार यायचा, बेरीज यायची नाही. दोन्ही शाळांत ती नवीनच असे. दोन्हीकडे तिला मागचा बाक मिळे.

सगळे गेल्यावर मी रिकाम्या रस्त्यावर काय करत असेन? मित्रांनो, मी मार खात असे. लोक येऊन मला ठोठावत. हो, लोक येत. "हंगाम संपला की इकडे कुत्रं फिरकत नाही," असे आमच्या गावात जो तो छातीठोकपणे सांगे, आणि सांगणाऱ्यांपैकी एकही जण ते बघायला गावात थांबलेला नसे. बघत होते मी. कधी एखादे म्हातारे जोडपे येई, कधी गळ्यात दुर्बीण अडकवलेला पक्षीवेडा. कधी बसचे ड्रायव्हर-कंडक्टर येत, कारण सगळ्या जगाला सुट्टी असते तेव्हा त्यांना दुप्पट काम असते. ते मुठीने ठोठावत, वाकून फटीतून आत बघत, आणि बरोबरच्या माणसाला म्हणत, "चल, मेलंय गाव." माझ्या तोंडावर माझ्या गावाला मेलेले म्हणत. मी लोखंड असले म्हणून काय झाले, मला ते लागत असे.

एका हंगामाच्या शेवटी नगरपालिकेच्या नियोजन अधिकारी बाई गावाचा आराखडा घेऊन आल्या. नगरपालिकेच्या सभागृहात पाहुण्यांच्या गाद्या पसरल्या होत्या, म्हणून बैठक आमच्या दुकानात भरली. व्यापारी मंडळाचे अध्यक्ष आधी बोलले. भोंग्याची किल्ली त्यांच्याकडे असते, म्हणून सगळे त्यांना भोंगाशेठ म्हणतात, अर्थात ते नसताना. त्यांचे म्हणणे सरळ होते. किनाऱ्यामागची वाळूची टेकडी सपाट करा, तिथे गाड्यांचा तळ करा, आणि त्याच चार महिन्यांत दुप्पट माणसे आणा.

अधिकारी बाई म्हणाल्या, "टेकडी आहे म्हणून विहिरींत समुद्र शिरत नाही. ती गेली की पाणी खारं. मग दुप्पट माणसांना काय पाजणार? माझं म्हणणं असं आहे की हंगामातली माणसं वाढवू नका. ती वर्षभरात पसरा. थोडे थोडे येऊ देत, पण बारा महिने येऊ देत."

"छान आहे की," बेकरीवाला म्हणाला. "आमची काही ना नाही. शेजारच्यांनी उघडं ठेवलं तर आम्हीही ठेवू."

"बरोबर. आधी बाकीचे उघडू देत," चपलांचा दुकानदार म्हणाला.

"सगळे उघडत असतील तर मंडळाचीही हरकत नाही," भोंगाशेठ म्हणाले.

"मग आधी कोण?" बाईंनी विचारले.

मित्रांनो, तेव्हा सगळ्यांना आपापल्या चहात काहीतरी पडल्यासारखे दिसू लागले. जो तो कपात बघत होता. बाईंनी कागद गुंडाळले आणि म्हणाल्या की पुढच्या हंगामाआधी नगरपालिका निर्णय घेणार आहे. बंदच्या महिन्यांत या रस्त्यावर काही चालू शकते हे दिसले नाही, तर टेकडी जाणार.

"आम्ही उघडं ठेवतो," धाकटी म्हणाली.

थोरलीने तिला कोपर मारले. "आम्ही म्हणजे कोण गं?"

"मी आहे. तुम्ही थांबलात तर तुम्हीही, जाऊबाई. बारकीला एक वर्ष एका शाळेत काढायचंय. दर वर्षी पोरीला मुळासकट उपटून नेतोय आपण."

"आणि कोणीच आलं नाही तर?"

"तर शहरात जाऊ. कायमचे. पण हे अर्धं इथे, अर्धं तिथे मला आता करायचं नाही."

मी वर पेटीत होते. माझी स्प्रिंग ताठ झाली. कोणीतरी पहिल्यांदा माझ्या मनातले बोलले होते.

हंगामाचा शेवटचा दिवस आला. संध्याकाळी भोंगा वाजला. खडखडखड करत सगळ्या रस्त्याची शटरे खाली आली. आमचे दुकान तेवढे उघडे राहिले. भोंगाशेठ दोन माणसे घेऊन आले, हातात शटर ओढायचा लोखंडी आकडा.

"वहिनी, भोंगा ऐकू नाही आला का? रिवाज आहे आपला."

"रिवाज आहे तर पाळा," धाकटी म्हणाली. "तुमच्या दारात."

"मंडळाचा नियम एकाला एक, दुसऱ्याला एक असा नसतो," असे म्हणत त्यांनी आकडा माझ्या कडीत घातला आणि ओढला. मी वीतभर खाली आले आणि तिथेच थांबले. त्यांनी पुन्हा जोर लावला. मग एका माणसाने लावला. मग तिघांनी मिळून. भोंगाशेठ मला अक्षरशः लोंबकळले, त्यांचे पाय जमिनीवरून सुटले, आणि बंद दुकानांपुढे सामान बांधत बसलेला सगळा रस्ता हसायला लागला. मी हलले नाही. नंतर कारागीर येऊन बघून गेला. म्हणाला, खाऱ्या वाऱ्याने डावी खाच गंजली आहे. म्हणू दे. शेजारची शटरे त्याच वाऱ्यात उभी होती, त्यांना काही झाले नाही. मी अडले, कारण मला अडायचे होते.

धाकटीने कारागिराला मला हात लावू दिला नाही. तिने आतून लाकडी दार बसवून घेतले, रात्री ते लावायचे. मंडळाने रस्त्याचे सामाईक दिवे बंद केले, म्हणून दोघी उजेड असेपर्यंतच दुकान चालवू लागल्या. नवरे शहरात गेले. थोरलीने आपली पिशवी भरून जिन्यात ठेवली होती आणि येता-जाता तिच्याकडे बघत होती.

आणि कोणी आले नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. सायकलींच्या दांड्यांवर मीठ चढले. बारकी शाळेतून आली की आधी आईचा चेहरा बघायची आणि मग दप्तर ठेवायची. मला काही कळेना. इतकी वर्षे माझ्या डोक्यावर मुठी आपटणारी माणसे आता, मी वर असताना, गेली कुठे?

ते कळले थोरलीला. एके सकाळी ती दारात उभी राहून धाकटीला म्हणत होती, "बास झालं आता. माणूस म्हणून दिसत नाही इथे," आणि बोलता बोलताच तिला रस्त्याच्या पार त्या टोकाला एक छोटी बस थांबलेली दिसली. आठ-दहा बायका उतरल्या. त्यांनी रस्त्याकडे पाहिले. ओळीने बंद शटरे. आमचे दुकान इकडच्या टोकाला, ते उघडे आहे हे तिथून दिसणारच नाही; माझ्यापर्यंत चालत येणारे थोडेच, बाकीचे तिथूनच परतत असणार. त्या कंबरेवर हात ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या आणि परत बसमध्ये चढू लागल्या.

"अगं, आलेत की," थोरली म्हणाली. "आलेत आणि निघालेत."

मित्रांनो, मग तिने पदर खोचला आणि ती धावत सुटली. या वयात, पायात दोन वेगळ्या चपला. हातातले टायर टाकायचेही तिला भान नव्हते. "अहो थांबा, आमचं उघडं आहे," असे ओरडत, टायर हवेत नाचवत ती बसच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. आत बसलेल्या बायका आधी घाबरल्या आणि मग हसत खाली उतरल्या.

त्या दवाखान्यातल्या नर्स होत्या. त्यातली मोठी म्हणाली, "आम्हाला हंगामात रजाच मिळत नाही हो. आणि मिळाली तरी गर्दी नको वाटते. वर्षभर गर्दीच बघतो. पण आम्ही येतो तेव्हा तुमच्या गावाला कुलूप असतं."

थोरलीने त्यांना सायकली दिल्या आणि टेकडीकडेची वाट दाखवली. त्या दुपारभर गवतात, वाऱ्यात, रिकाम्या किनाऱ्यावर फिरल्या. परतल्यावर त्यांनी विचारले, इथे काही खायला मिळेल का? थोरली वर गेली आणि घरातले होते ते त्यांच्यापुढे आणून ठेवले. त्या गेल्यावर तिने जिन्यातली पिशवी उचलली आणि रिकामी केली. दुसऱ्या दिवसापासून बसथांब्याशी रोज आमच्या चार सायकली उभ्या दिसू लागल्या, आणि त्यांच्यापाशी थोरली.

त्यानंतर काही जत्रा लोटली नाही, उगाच फुगवून सांगत नाही. पण नर्सांनी दुसऱ्या नर्सांना सांगितले. ड्रायव्हर आले. दुर्बीणवाला आला आणि टेकडीवरच्या गवतात एक घरटे सापडले म्हणून लहान मुलासारखा नाचला. बेकरीवाला शहरातून एकदा डोकावून गेला आणि पुढच्या आठवड्यात भट्टी पेटवून बसला. "दुपारपर्यंतच हं," असे त्याने सगळ्यांना बजावले, जणू आम्ही त्याला बांधून आणले होते. चपलांचे दुकान मात्र अजून बंद आहे. भोंगाशेठ अजून भोंगा वाजवतात.

हंगामाआधी अधिकारी बाई आल्या, दुकानात बसल्या, टेकडीवरून फिरून आल्या. नगरपालिकेने ठरवले की टेकडी राहील, गाड्या गावाबाहेर थांबतील आणि हंगामाच्या पाहुण्यांसाठी नव्या खोल्या बांधायला परवानगी मिळणार नाही. यावर भोंगाशेठ महिनाभर आमच्या दुकानावरून मान वळवून जात होते. आणि बारकीने पहिल्यांदाच एक पुस्तक एकाच शाळेत शेवटच्या पानापर्यंत वाचले. तिला आता अपूर्णांकांची बेरीज येते, मैत्रीण आहे, आणि त्या मैत्रिणीशी तिचे कडाक्याचे भांडणही झाले आहे. भांडायला माणसाला एका जागी राहावे लागते.

आता माझे काय? वर गुंडाळलेले शटर कोणाला दिसत नाही. मला कोणी पुसत नाही, माझे कौतुक करत नाही. पेटीत एका चिमणीने काड्या आणून कोंबल्या आहेत. परवा एक विक्रेता नवे, विजेवर चालणारे शटर दाखवायला आला होता.

"बटण दाबलं की वर जातं, ताई," तो म्हणाला.

"आणि खाली?" धाकटीने विचारले.

"ते तर त्याहून सोपं. बोट लावलं की खाली."

"मग नको," धाकटी म्हणाली.

मित्रांनो, या जागी जुन्या वस्तू तुमच्याकडे काळजीची भीक मागतात. मला तेल नको आणि रंगही नको. डाव्या खाचेतला गंज खरवडायला कोणी आलेच, तर त्याला हाकलून द्या. काळजीच घ्यायची असेल तर त्या टेकडीची घ्या, विहिरींची घ्या, आणि सगळे जातात त्या महिन्यांत जाऊन गर्दीत भर घालू नका. वारा सुटला असेल, वाळू रिकामी असेल, जगाने गावाकडे पाठ फिरवली असेल, तेव्हा या. आम्ही इथेच आहोत.