दुपट्ट्याचा बोळा

माझ्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी चांदीचा एक लहानसा टाक आहे. तो सवतीचा. बिजवराला दिलेल्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे ती संसारात आडवी येत नाही, असं आमच्याकडे मानतात. पहिलीचं नाव अन्नपूर्णा. लग्नानंतर चार महिन्यांत तापाने गेली. मला या घरात येऊन वीस वर्षं झाली होती आणि ती कधी आडवी आली नव्हती. चार महिन्यांची बाई येऊन येऊन किती आडवी येणार, असं मी मनात म्हणायचे. टाकाला कधी हळदकुंकू लावायचे, कधी विसरून जायचे.

ती आली ती टीव्हीतून.

पंच्याऐंशी साली आम्ही शटरचा टीव्ही घेतला. जळगाव जामोदात तेव्हा चित्र कमी आणि मुंग्याच जास्त दिसायच्या. लेक स्नेहलता शेगावला नांदायला गेलेली, सासूसासरे कधीच देवाघरी. घरात मी आणि हे. हे म्हणजे महादेवराव, कापसाच्या जिनात नोकरीला. तिथल्या धडधडीत कान अर्धे गेलेले. माणूस सज्जन, पण हसण्याच्या बाबतीत महाकंजूस. नकला करण्यात माझा हात कोणी धरत नाही, अख्खी गल्ली मी हसवते. यांच्यासमोर एखादी केली, की हे म्हणणार, "बरं. भाजीत मीठ पाह्य." या माणसाने एकदा तरी माझ्यासोबत पोट धरून हसावं, एवढीच माझी इच्छा होती. पाटल्या मागितल्या असत्या तर केव्हाच मिळाल्या असत्या.

मग दर शुक्रवारी संध्याकाळी एक हिंदी मालिका लागू लागली. भाड्याच्या खोलीत राहणारं जोडपं, आणि खाली कान टवकारून बसलेला घरमालक. भांडणाचा आवाज आला की खोली खाली करा, अशी त्याची अट. म्हणून ती दोघं कुजबुजत भांडायची. ती लाटणं उगारून कुजबुजायची, तो हात जोडून कुजबुजत शिव्या द्यायचा. यांच्या कानांमुळे आमचा टीव्ही मोठ्याने असे, त्यामुळे ती कुजबूज गल्लीच्या टोकापर्यंत जायची.

पहिल्याच भागात हे हसले. गालात नाही, चांगले खांदे गदगदा हलवत, डोळ्यांतून पाणी काढत. आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याचा बोळा करून तोंडात कोंबलेला! मी टीव्ही सोडून यांच्याकडेच बघत बसले.

त्यानंतरचा प्रत्येक शुक्रवार म्हणजे माझी दिवाळी. स्वयंपाक दुपारीच उरकायचा. मुंग्या आल्या की गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायची, वरून "आलं काय?" म्हणून ओरडायचं, आणि धावत खाली येऊन यांच्याशेजारी सतरंजीवर बसायचं. आम्ही दोघं एकत्र हसत होतो. उशिरा का होईना, माझ्या पदरात पडलं असं वाटलं.

सहा भाग झाले. सातव्या शुक्रवारी टीव्हीतल्या बाईने गोड हसून सांगितलं, की काही कारणांमुळे मालिका दाखवता येत नाही. पुढे ती कधीच दाखवली नाही. त्या वेळेला शेतीचा कार्यक्रम लागू लागला. तरी हे त्याच वेळी येऊन बसत आणि संकरित ज्वारीकडे बघत राहत.

मला राहवेना. एका शुक्रवारी विचारलं, "एक सांगा, हासतानी तुम्ही तोंडात दुपट्टा काऊन कोंबत होते?"

"सवय हाय."

"मी त वीस वर्सांत नाही पाह्यली."

हे ज्वारीच्या कणसाकडे बघतच म्हणाले, "अन्नपूर्णा लय नकला करे. बाबाची, आत्याची, बैलाचीबी. बाबा भिताडापल्याड झोपत. नवी सून हासते असं आयकू गेलं असतं त त्यायनं घर डोक्यावर घेतलं असतं. म्हनून अन्नपूर्णा कानाशी येऊन हळूच नक्कल करे, अन् मी दुपट्टा तोंडात घालून हासो."

एवढं बोलून हे पाणी प्यायला उठले. माझा हात गळ्यातल्या टाकावर गेला. वीस वर्षांत पहिल्यांदा तो मला जड लागला.

त्याच रविवारी शेजारचे भालचंद्र मास्तर चहाला आले. प्रत्येक गोष्टीला नंबर लावायची मास्तरांना खोड. त्या दिवशी त्यांनी हसवणाऱ्या मालिकांना नंबर लावले, आणि यांच्या मालिकेला नंबरच दिला नाही.

"सहा भागांत काय होतं, महादेवराव? वर्षानुवर्षं चालून लोकांना धरून ठेवते ती मोठी. अर्धा पेपर लिहिणाऱ्याला पहिला नंबर कसा देऊ मी?"

"अन् पेपर हिसकून घेतला असन त?"

"तरी मार्क लिहिलेल्याचेच मिळतात."

"मास्तर बराबर बोलून राह्यले," मी मध्येच तोंड घातलं. "सहा भाग कोनीबी हासवन! पुढं चालली असती त समजलं असतं. सासू आजारी पडली असती, पोरीचं लगन निंघालं असतं, दुष्काळ पडला असता. मंग पाह्यलं असतं कितीक नकला सुचते त!"

मास्तर बावचळले. मालिकेत सासू आणि पोरगी कुठून आली, ते त्यांना कळेना. यांना कळलं. पण रागावले नाहीत.

"असन," हे हळूच म्हणाले. "पुढं चालली असती त बिघडलीबी असती. पन जेवढी होती तेवढी... मले त तिच्याहून मोठी दुसरी दिसली नाही."

मास्तर मान हलवून दुसऱ्या नंबराकडे वळले. मी कपबश्या उचलून आत गेले. मी हरले होते. आणि जास्त वाईट याचं वाटलं, की यांचं म्हणणं मलाही पटलं होतं. त्या सहा शुक्रवारी जेवढं सुख मी भोगलं, तेवढं त्या वीस वर्षांत मला दुसरं आठवेना.

पण मुकाट हार मानणं माझ्या स्वभावात नाही. मास्तर गेल्यावर मी यांच्याशेजारी सतरंजीवर बसले. अगदी कानाशी तोंड नेलं आणि कुजबुजत मास्तरांची नक्कल केली. चहाच्या घोटांना नंबर देणारे मास्तर, पहिला घोट गरम म्हणून दुसरा, दुसरा गोड म्हणून पहिला. झकास साधली होती. अन्नपूर्णेनेही दाद दिली असती.

हे डोळे बारीक करून माझ्या ओठांकडे बघत होते. मग अगदी मायेने म्हणाले, "काय म्हंतं? मोठ्यानं बोल न. घरात आता कोन आयकनारं हाय?"

"काही नाही," मी मोठ्याने सांगितलं. "भाजीत मीठ बराबर होतं काय, म्हटलं."

"हाव, बराबर होतं."

मी स्वयंपाकघरात गेले. टाक मुठीत धरला, पदराचा बोळा करून तोंडात कोंबला, आणि रडले. ऐकायला कोणी नव्हतं, तरी.