शेवटच्या ओळीतला ळ

मित्रांनो, मी एक जुना ळ आहे. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या तक्त्यावरचा, शेवटच्या ओळीतला, पार कोपऱ्यातला. सध्या कपाटावर एका गुंडाळीच्या पोटात अडकलोय.

माझा जन्म छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर झाला. तिथल्या ताईनं मला मोजूनमापून घडवलं. सहा मीटरवरून चांगल्या डोळ्याला दिसावा, तेवढाच मी मोठा. मग तिनं आम्हा सगळ्या अक्षरांची एक मोळी बांधली. एकाला हलवलं की सगळे हलणार. मला वाटलं, वा, काय एकी! ती कैद होती, हे नंतर कळलं.

तेवढ्यात डॉक्टर आले. स्क्रीनकडं बघून म्हणाले, "झकास! पण यात मी कुठाय?"

"खाली नाव आहे ना तुमचं."

"नाव कोण वाचतंय? फोटो टाका. मोठा, हसरा."

"मग अक्षरं कुठं बसवू? कागद तेवढाच आहे."

"बसतील हो जरा अंग चोरून!"

ताईनं कपाळाला हात लावला आणि आम्हा सगळ्यांना एकदम निवडलं. आमच्याभोवती निळी चौकट पडली. तिनं चौकटीचा कोपरा धरून आत ओढला. पहिल्या ओळीतला ढेरपोट्या क निम्मा झाला, तरी चांगला गुटगुटीत राहिला. मी निम्मा झालो आणि मुंगीचं पिल्लू झालो. पळावं म्हटलं, तर मोळी सोडेना.

तक्ता भिंतीवर लागला आणि आठवड्याभरात अख्ख्या गावाची नजर अधू झाली! येईल त्याला चष्मा. डॉक्टरांना शंका येईना, कारण आम्ही त्यांना तोंडपाठ होतो.

एक दिवस बसचे ड्रायव्हरकाका आले, सोबत काकू. बावीस वर्षं बस चालवलेला माणूस. शेवटची ओळ वाचली तरच सर्टिफिकेट, नाहीतर बस सुटली हातातून. काकांनी डोळे बारीक केले, मोठे केले. एक अक्षर लागेना.

"अहो, नीट बघा की!" काकू कळवळल्या. "माझा पांढरा केस बरा दिसतो लांबून!"

मी आतल्या आत ओरडत होतो, काका, मी इथंच आहे हो!

"संपलं काका," डॉक्टर म्हणाले. "डोळे गेले तुमचे."

काका खुर्चीतच बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "खालचं काही दिसत नाही, साहेब. पण फोटोत तुमच्या कोटाला दुकानाची चिठ्ठी लटकतेय. बेचाळीस लिहिलंय तिच्यावर."

डॉक्टरांनी तक्त्याला नाक लावलं. चिठ्ठी होती. बेचाळीसच होतं. एवढं दिसतंय, म्हणजे डोळे शाबूत! मग त्यांनी पट्टी आणून मला मोजलं. "अरेच्चा! हा तर निम्माच आहे!"

त्यांनी काकांची खुर्ची गुपचूप निम्म्या अंतरावर ओढली. काकांनी शेवटची ओळ घडाघडा वाचली आणि शेवटी माझं नाव असं घेतलं, की खिडकीची काच थरथरली.

"आता चष्मा तुम्ही घ्या, डॉक्टर," काकू म्हणाल्या.

नवा तक्ता आला, बिनफोटोचा. माझी गुंडाळी झाली, तीही खालून वर. त्यामुळं मी सगळ्यात आत, आणि बाहेरून डॉक्टरांच्या हसण्याचे वेढे.

मित्रांनो, सगळ्यांना एकदम ओढाल तेव्हा सगळ्यात लहानाकडं एकदा बघा. मोठ्यांचं निम्म्यात भागतं, आमचं नाही. आणि जमलं तर ही गुंडाळी जरा सैल करा. रोज सकाळी खिडकीखालून काकांची बस जाते. हॉर्न ऐकू येतो, पण बस काही दिसत नाही.