बिसनलालचा फोटो

कामठ्याचा बिसनलाल गेला, आणि तेरवी दोन दिवसांवर आली तेव्हा घरच्यांच्या ध्यानात आलं की माणसाचा एकही धड फोटो नाही.

नसणारच. बिसनलाल एका जागी उभा राहिलेला कोणी पाहिला होता? खाटेवर झोपला की सकाळी खाट अंगणात सापडायची. त्याची सावली धापा टाकत मागून यायची, आणि वैशाखात तर वाटेत कडुनिंबाखाली बसून घ्यायची. हा घरी जेवून उठायचा, तेव्हा ती फाटकात. खोटं वाटत असेल तर त्याचं मतदानाचं कार्ड पाहा, दोन नाकं आणि तीन कान आहेत. तहसीलवाल्यांनी तसंच छापून दिलं, म्हणाले ओळख पटते.

त्याची एकुलती एक पोरगी रविता. ती म्हणाली, "माया लग्नाच्या सीडीत बाबूजी असतीलच ना. त्यातून फोटो काढू." तिची आत्या जमुनाबाई निघाली, आणि शेजारधर्म म्हणून मीही. गोंदियाला उमेंद्रच्या स्टुडिओत गेलो. रविताच्या लग्नाची शूटिंग यानेच केली होती, सहा वर्षांपूर्वी.

उमेंद्रने सीडी कॉम्प्युटरात घातली. आहेराचा कार्यक्रम सुरू झाला आणि मांडवातून एक रंगीत ठोकळ्यांचा ढिगारा धावत गेला.

"हे का होय?" जमुनाबाई म्हणाली.

"बिसनलाल काकाजी होत," उमेंद्र खाली बघून म्हणाला.

त्याने थांबवून मोठं केलं. मिशीच्या जागी एक काळा चौकोन, डोळ्यांच्या जागी काहीच नाही. रविता पडद्याच्या जवळ सरकली, तर चौकोन आणखी मोठे झाले.

"मागचा खांब त चांगला दिसून राहिला," ती म्हणाली. "त्यावरचे आंब्याचे पान मोजून घ्या. मंग मायाच बाप काऊन असा?"

"बाई, खांब हालत नाई ना." उमेंद्रने खुर्ची वळवली. "एका सेकंदात पंचवीस फोटो असतात. सगळे पुरे ठेवाचे म्हटले त तुमच्या लग्नाच्या सीड्या न्यायले बैलबंडी लागंल. म्हणून मशीन एक फोटो पुरा ठेवते. पुढच्यात पाहाते, का बदललं? खांब नाई बदलला, त लिहून टाकते, खांब वरच्यासारखाच. जे हाललं तेवढंच नवीन. जागा असली त तेही चांगलं उतरते. जागा नसली, की मशीन घाईघाईत चौकोन रंगवते आन् मोकळी होते."

"त जागा ठेवाची होती!" जमुनाबाई कडाडली.

उत्तर दिलं मी, कारण सीडी करायच्या आधी उमेंद्र विचारायला आला त्या दिवशी बिसनलालच्या ओसरीवर मी होतो. उमेंद्रने तेव्हा हात जोडून सांगितलं होतं की तीन कॅसेटी आहेत, तीन सीड्या करू, नाहीतर आहेराचा अर्धा भाग कापू. बिसनलाल ओसरीभर फिरत म्हणाला, "कापतं? कोनाले कापतं? मामाले कापलं त मामा बोलंल, फुफाले कापलं त फुफा जेवाले येनार नाई." फुफा म्हणजे आत्याचा नवरा, त्याचा मान मोठा. बरं, मग तीन सीड्या, उमेंद्रने विचारलं. "म्हंजे पयल्यात मामा आन् तिसऱ्यात फुफा? मोठा कोन झाला मंग? एकच सीडी कर. सगळे एकाच पंगतीत बसले पायजे."

उमेंद्रने तीन कॅसेटी एका सीडीत दाबून बसवल्या. ती सीडी साऱ्या नात्यात फिरली. कोणी रुसलं नाही. साडीची घडी, स्टीलची परात, ताटकळत बसलेला फुफा, सगळं लख्ख. मुलीच्या लग्नात प्रत्येक पाहुण्यामागे धावणारा तेवढा विरघळला. तेव्हा आम्ही हसलो होतो. बिसनलाल तर सगळ्यांत जास्त हसला. म्हणाला, "आपन घरचेच आहो, आपल्याले कोन पाहाते!"

"असली कॅसेट?" रविताने विचारलं.

"त्याच्यावर दुसरे लग्नं भरले, बाई. सगळेच भरतात."

रविता म्हणाली, "पुरी लाव. कुठं तरी उभे राह्यले असतील."

पुरी सीडी पाहिली. हळदीत ठोकळे, पंगतीत ठोकळे. वऱ्हाडी जेवत होते, आणि त्यांच्यामधून ठोकळे बुंदीचं ताट घेऊन फिरत होते. जमुनाबाईला मध्येच हसू आलं, मग तिनेच पदर तोंडाला लावला.

शेवटी विदाई आली. जीप सुरू झाली, बाया रडायला लागल्या. आणि जीपच्या मागे, पिंपाला टेकून, बिसनलाल उभा होता. हलत नव्हता. मी त्याला साठ वर्षं ओळखत होतो, पण असा कधी पाहिला नव्हता. हळूहळू चित्र निवळलं. सदऱ्याची गुंडी दिसली, मनगटातला दोरा दिसला, बोटांना लागलेली हळद दिसली. दोन्ही हातांनी त्याने खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर दाबून धरला होता. दुपट्ट्याची वीण मोजावी इतकी साफ होती. चेहरा पूर्ण त्याच्या आत.

जीप निघून गेली तरी तो तसाच होता. कॅमेरा वळला तेव्हाही.

"मले मालूम नोयतं," रविता म्हणाली. "मी समोर पाहून राहिली होती." मग उमेंद्रला म्हणाली, "हाच काढ, भाऊ. मोठा."

"पागल झाली का वं?" जमुनाबाई म्हणाली. "असा फोटो ठेवते का कोनी? लोक कपाळाले टिका कुठं लावतील?"

"हाच काढ."

तेरवीला तो फोटो हार घालून पाटावर ठेवला. एकाच सीडीत, एकाच पंगतीत बसलेले झाडून सगळे आले. मामा अंगठ्यावर गुलाल घेऊन टिका लावायला पुढे झाला, थबकला, इकडेतिकडे पाहून फूल टाकून मागे सरला. फुफाने तेच केलं. रांग तशीच पुढे सरकत राहिली, नुसती फुलं पडत राहिली.

मग रविता उठली. तिने काचेवर बोट ठेवलं, दुपट्ट्याखाली कपाळ कुठे असेल त्याचा अदमास घेतला, आणि टिका लावला. मला विचाराल तर तो जरा डावीकडे लागला. पण खात्रीने सांगणार कोण?