बाद फेरीतला बाभळीचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. कोल्हापुरातल्या एका शाळेच्या बास्केटबॉल मैदानाच्या कडेला माझी जागा आहे. तुम्ही मैदानावर आलात की आधी रिंगकडे बघता, मग चेंडूकडे. माझ्याकडे कोणी बघत नाही. येतात आणि पाठ करून टेकतात. त्याचा मी राग धरत नाही, बाकाने राग धरायचा ठरवला तर जगणेच मुश्किल होईल. पण संघ बाद फेरीत का हरतो आणि का जिंकतो, हे मी जितक्या जवळून पाहिले तितके त्या रिंगनेही पाहिलेले नाही. तेवढे आज सांगणार आहे.

माझा जन्म गडमुडशिंगीचा. उसाच्या शेताच्या बांधावर आमचे बाभळीचे झाड होते. ते तोडले तेव्हा त्याची बैलगाडी करायचे ठरले होते. बाभळीच्या लाकडाला गाडीइतका मान दुसरीकडे मिळत नाही, अशी आमच्यात समजूत आहे. पण गाडी होण्याआधीच मालकाने ट्रॅक्टर घेतला आणि आमचे ओंडके केरबा सुताराच्या छपरात पडून राहिले. पुढे शाळेकडून बाकाची मागणी आली. केरबाने रंधा मारला, पाय ठोकले, माझ्यावरून एकदा तळवा फिरवला आणि न्यायला आलेल्या शिपायाला म्हणाला, "लई चिवट हाय ह्यो. भिजला, तापला, तरी काय हुत न्हाय. फकस्त वापरात ठेवा. कोपऱ्यात टाकलासा की वाळवी लागली म्हणून समजा."

तर असा मी गाडीचा बाक झालो आणि मैदानावर आलो. कोल्हापूरचा जीव फुटबॉलवर, मान कुस्तीला. बास्केटबॉलला इथे पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखे कडेचे पान मिळते. पण खेळ शिकवायला पद्मजा मॅडम आल्या, त्यांनी मुलींचा संघ बांधला आणि शाळा सुटल्यावर मैदान गजबजू लागले. ते माझे सुखाचे दिवस होते. मुली घामेजून यायच्या, दप्तरे माझ्यावर फेकायच्या, डब्यातला उरलेला चिवडा माझ्यावर सांडायच्या. मुंग्या आणि मी, दोघेही खूश असायचो.

बसण्यावरून माणूस ओळखायला मी तिथेच शिकलो. जी अगदी कडेला टेकते, ती उठून पळायच्या तयारीत असते. जी पाठ सैल सोडते, तिने मनातून सामना सोडलेला असतो. माझी फळी एकच, सलग. त्यामुळे एकीचा पाय थरथरला की शेजारणीला कळतो, आणि ती न बोलता तिच्या गुडघ्यावर हात ठेवते. हे मी शेकडो वेळा अनुभवले आहे.

आमच्या संघाचे एक दुखणे होते. दर वर्षी आमच्या मैदानावर आंतरशालेय स्पर्धा भरते. आधी साखळी सामने, मग बाद फेरी. साखळीत एखादा सामना हरला तरी चालतो. बाद फेरीत हरलात की पायात चपला घालायच्या आणि घरी जायचे. शेवटी जिंकणारा संघ राज्याच्या स्पर्धेला जातो. आमच्या मुली साखळीत हमखास पहिल्या यायच्या आणि बाद फेरीत हमखास पडायच्या. शेजारच्या शाळेतली मुले चिडवायची, "साखळीत वाघ, बाद फेरीत शेळी!" मला फार लागायचे ते.

कारण मला दिसत होते. आमच्याकडे राजनंदिनी नावाची एक जबरदस्त खेळाडू होती. चेंडू तिच्या हातात गेला की गुण ठरलेलाच. त्यामुळे झाले काय, बाकीच्या चौघी चेंडू मिळाला की आधी तिलाच शोधायच्या. साखळीत हे खपून जायचे. बाद फेरीत समोरचा संघ तुमचा अभ्यास करून येतो. गेल्या वर्षी उपांत्य सामन्यात सांगलीच्या संघाने राजनंदिनीच्या अंगावर दोन मुली सोडल्या आणि आमच्या तोफेची वातच पेटेना.

मॅडमनी तिला जरा दम खायला बाहेर बोलावले. माझ्यावर बसलेली वर्षाराणी सरकून तिला जागा करू लागली. ही वर्षाराणी माझ्याच गावची, राखीव खेळाडू, साखळीतही क्वचितच आत जायची. पण राजनंदिनी बसली नाही. तिने माझ्या डाव्या पायावर सणसणीत लाथ घातली. पाय तडकला. मुली घाबरून बाजूला झाल्या. मग ती डोक्यावर टॉवेल ओढून एका टोकाला बसली आणि कोणाशी अवाक्षर बोलली नाही. मैदानावरच्या मुली सारख्या आमच्याकडे वळून बघत होत्या, आणि बघून त्यांचा धीर आणखीच खचत होता. आम्ही हरलो.

मित्रांनो, तडकलेला बाक कोण ठेवतो? मला पाण्याच्या टाकीमागे टाकले आणि माझ्या जागी निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. दिसायला देखण्या होत्या, खोटे कशाला बोलू. पण टाकीमागून मला मैदान दिसायचे. खुर्च्यांवर मुली सुट्या सुट्या बसत. जिला खेळायला मिळत नसे ती आपली खुर्ची थोडी मागे ओढून घेई. सगळ्यांत मागे वर्षाराणीची खुर्ची. इकडे टाकीचे पाणी माझ्या पायाशी मुरत होते आणि वाळवीने तळातून सुरुवात केली होती. केरबाचे शब्द आठवून मला रडू यायचे.

एक दिवस राजनंदिनीचे आजोबा, हंबीरराव, तिला न्यायला आले. एके काळचे पैलवान, अजूनही रोज तालमीत जाऊन पोरांना डाव दाखवणारे. सावली बघून ते माझ्यावर टेकले आणि मी एकदम कलंडलो. पैलवानच ते, सावरले.

"ह्येचा पाय कुणी मोडला गं?" त्यांनी विचारले.

राजनंदिनी जमिनीकडे बघत म्हणाली, "मी."

"का?"

"मॅडमनी मला भाईर बसवलं. माझी मॅचच संपली की तितं."

"भाईर बसवलं म्हंजे मॅच संपली व्हय?" हंबीररावांचा आवाज चढला. "आमी कुस्ती हरून भाईर आलो तरी घरला जात न्हवतो. मातीच्या हौद्याच्या कडंला हुबं ऱ्हायचो आनि जोडीदाराला वरडून सांगायचो, पट काढ, मागं सर. लढणाऱ्याला मातीत काय दिसतंय? कडंच्याला सगळं दिसतंय. आनि तू डोस्क्यावर फडकं घिऊन बसलीस!" मग त्यांनी माझ्याकडे बोट केले. "मोडलंयस तू, सांधायचं बी तूच. उचल."

तिने उचलून बघितले. बाभळीचा बाक एकटीला उचलतो होय? तेवढ्यात कोणीतरी माझे दुसरे टोक धरले. ती वर्षाराणी होती. "केरबाकाका आमच्याच गल्लीत ऱ्हातात," एवढेच ती म्हणाली.

वर्षाराणीच्या वडिलांची दुधाची गाडी रिकामे कॅन घेऊन गावी परतत होती. तिच्यात मी, कॅन आणि दोघी मुली. गाडी शहराबाहेर पडली. मग राजनंदिनीने विचारले, "तू भाईर बसून दिवसभर करतीस काय गं?"

"बघतो की," वर्षाराणी म्हणाली. आमच्याकडे मुलीसुद्धा असेच बोलतात. "ती सांगलीची उंच पोरगी हाय न्हवं, ती उजवीकडं वळायच्या आधी खांदा पाडती. दर बारीला. तू पळत असतीस, तुला न्हाय दिसत."

"मग सांगितलं न्हाईस ते!"

"तू टावेल काढलास व्हय?"

राजनंदिनी खो खो हसत सुटली. वर्षाराणीही हसली. मी इतक्या महिन्यांनी दोघींचे हसणे एकत्र ऐकले आणि तडकलेला पायही हलका वाटला. केरबाने वाळवीचा भाग तासून काढला, तडकलेल्या ठिकाणी लोखंडी पट्टी मारली. पट्टी बसेपर्यंत पाय राजनंदिनीनेच धरून ठेवला होता.

मी मैदानावर परत आलो तेव्हा पद्मजा मॅडमनी काही प्रश्न विचारले नाहीत. खुर्च्या सभागृहात पाठवल्या आणि मुलींना माझ्यावर बसवून म्हणाल्या, "मुलींनो, या वर्षी साखळीत प्रत्येकजण खेळणार. एखादा सामना हरलो तर हरलो." आणि खरेच एक हरलो. लोकांनी नाके मुरडली. पण जी कधी आत जात नव्हती तिला आत जायची सवय झाली, आणि जी कधी बाहेर येत नव्हती तिला बसायची. मॅडमना हे कोणी शिकवले मला माहीत नाही. मी मात्र मनातल्या मनात केरबाला रामराम घातला.

या वर्षी उपांत्य सामना आम्ही जिंकलो आणि अंतिम सामन्यात समोर पुन्हा सांगली आली. राजनंदिनी आणि वर्षाराणी दोघी दहावीत. राज्याला जायची ही शेवटचीच संधी होती.

सांगलीने राजनंदिनीच्या अंगावर पुन्हा दोघी सोडल्या. या वेळी तिने दोघींना आपल्याकडे ओढून घ्यायचे आणि मोकळ्या राहिलेल्या आमच्याच संघातल्या अवंतिकाला पास द्यायचा, असा सपाटा लावला. अवंतिका गुण करत गेली. सांगलीही हटेना. शेवटची काही मिनिटे उरली, सांगली एका गुणाने पुढे गेली, आणि चेंडू हिसकावताना राजनंदिनीचा पाचवा फाऊल झाला. पाच फाऊल म्हणजे सामन्यातून बाहेर. परत आत येणे नाही.

मॅडमनी वर्षाराणीला उठवले. राजनंदिनी माझ्या दिशेने चालत येऊ लागली, आणि खरे सांगतो मित्रांनो, माझा सांधलेला पाय लटपटला. लाथ बसणार म्हणून मी अंग आवळून घेतले.

तिने वर्षाराणीच्या पाठीवर थाप मारली. मग माझ्याजवळ उभी राहून ती ओरडायला लागली. पंचांनी दटावले, "ए पोरी, काय ओरडायचं ते खाली बसून ओरड." ती बसली. नेमकी त्या पट्टीच्या पायाकडच्या टोकाला बसली, आणि बसल्या जागेवरून तिने असा आवाज लावला की रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यावरची माणसे पेले घेऊन कुंपणाशी आली.

"अवंतिका, हात वर! वर्षा, मागं हाय, मागं! बघ की!"

मग माझ्यावरच्या सगळ्याच मुली ओरडू लागल्या. कोणाच्या पाठी सैल नव्हत्या. माझी फळी अशी थरथरत होती की मला वाटले, मीच खेळतो आहे. चेंडू सांगलीच्या त्या उंच मुलीकडे गेला.

"खांदा पाडला!" राजनंदिनी किंचाळली. "वर्षा, उजवीकडं!"

वर्षाराणीने त्या बाजूला पाय टाकला आणि चेंडू तिच्याच हातात आला. ती सुसाट निघाली. सांगलीचा अख्खा संघ तिच्यामागे. रिंगखाली पोचल्यावर तिने स्वतः चेंडू टाकला नाही, मोकळ्या अवंतिकाकडे दिला. चेंडू जाळीतून खाली पडला आणि आम्ही एका गुणाने पुढे गेलो. सांगलीचा शेवटचा चेंडू रिंगवर आपटून बाहेर उडाला. रिंगने तेवढी मदत केली, ते मान्य करायला हवे.

मग काय विचारता! हलगी कडाडली, गुलाल उडाला. माझ्या भेगांत तो अजून आहे. हंबीरराव आले, माझ्यावर दाणकन बसले, दोनदा हलून बघितले आणि नातीला म्हणाले, "आता हलत न्हाय." बस्स, एवढेच. पण नातीचे डोळे भरून आले.

राज्याच्या स्पर्धेला मला कोणी नेले नाही. मुली परतल्या त्या दिवशी संध्याकाळी सगळ्या माझ्यावर दाटीवाटीने बसल्या होत्या. हंबीररावांनी विचारले, "मग, हरलासा व्हय?"

"हरलो की, दुसऱ्याच मॅचला," वर्षाराणी म्हणाली. "पन आजोबा, तितं बाक न्हवता. खुर्च्या हुत्या, लांब लांब मांडलेल्या."

"मग गं?"

"मग काय? राजनंदिनीनं सगळ्या ओढून एकमेकीला चिकटवल्या. गुडघ्याला गुडघा लागूस्तर. पंच म्हणाले, असं का? ती म्हणाली, आमच्यात असंच बसतात."

मित्रांनो, हे ऐकले आणि बैलगाडी न झाल्याचे माझे उरलेसुरले दुःख संपले. आता माझे मागणे फार थोडे आहे. तुमच्या मैदानावर एखादा जुना बाक असेल तर त्याला टाकीमागे टाकू नका, वापरात ठेवा. त्याच्यावर बसणाऱ्यांनाही वापरात ठेवा. आणि कधी बाहेर बसायची पाळी तुमच्यावर आली, तर डोक्यावर टॉवेल घेऊ नका. या, बसा, शेजारणीला सरकून जागा द्या आणि घसा बसेपर्यंत ओरडा. खाली मी आहेच.