छताखाली

आई गेल्यापासून जपानमधल्या कुरे बंदरावरच्या आमच्या घराचं छत खाली यायला लागलं. आधी ते बाबांच्या डोक्याला टेकलं, मग माझ्या. आम्ही बसल्या बसल्या वावरायला शिकलो.

बाबा शाळेत संगीत शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांचं सगळं मीच बघत होते.

"तामिए, तू लग्न कर. माझं मी बघेन," ते म्हणायचे.

"मी इथंच सुखात आहे," मी म्हणायचे.

आणि वरचं लाकूड करकरायचं.

शेजारच्या काकू लोणच्याचा मुळा द्यायला आल्या. ओणव्या होऊन आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "यंदा थंडी लवकर पडली."

मिझोए गोदीत जहाजांचे आराखडे काढायचा. आमचं प्रेम होतं, पण मी घरात कधी बोलले नव्हते. रविवारी दुपारी तो मागणी घालायला आला, तेव्हा छत जेवणाच्या ठेंगण्या मेजापर्यंत उतरलं होतं. त्याने बूट काढले, टोपी काढली आणि तो पोटावर सरपटत आत आला. चटईला हनुवटी टेकून आम्ही तिघं बोललो.

"माझी दूर उत्तरेला, हाकोदातेला बदली झाली आहे," तो म्हणाला. "तामिएला न्यायची परवानगी द्या."

"न्या की. मी एकटा मजेत राहीन," बाबा हसून म्हणाले.

मेजाचे पाय मोडले.

"मला कुठंही जायचं नाही," मी म्हणाले.

छत माझ्या केसांना लागलं. मिझोए कसाबसा मागे सरकत अंगणात निघाला. बाहेरून त्याचा आवाज आला, "तामिए, खरं सांग."

माझा गाल चटईत रुतला होता. "मला जायचंय," मी म्हणाले. "बाबा, मला फार जायचंय."

छत थांबलं. वर मात्र गेलं नाही.

बाबा सरपटत माझ्या पायांशी गेले. मग म्हणाले, "हात पुढे कर."

मिझोएने बाहेरून माझी मनगटं धरली. बाबांनी माझ्या तळपायांना तळहात लावले आणि रेटलं. बरगड्या खरचटल्या. डोकं उन्हात आलं. समोर समुद्र, वाळत घातलेले कपडे.

"श्वास सोड," मिझोए म्हणाला.

मी सोडला. कंबर सुटली. गुडघे सुटले. आतून रेटणं थांबलं. मिझोए ओढतच होता. बाबांनी हात काढले नाहीत. त्यांची बोटं हळूहळू माझ्या घोट्यांभोवती मिटली.