वस्तादांचं खुराडं

हॉटेलात वस्तादांना सगळे मुख्य आचारी म्हणून मान देत, पण त्यांचा खरा रुबाब बघावा तो घरामागच्या खुराड्यापाशी. त्यात हात घालायची मुभा घरात दुसऱ्या कुणालाही नव्हती. "माझी एवढी विचारपूस केली असती, तर मीही अंडी दिली असती," बायको म्हणायची.

"बाजारचं अंडं आपलं वय सांगत नाही," हे वस्तादांचं ठरलेलं उत्तर. हॉटेलात गर्दीसाठी बाजारचे ट्रे येत, त्याचा त्यांना मनापासून राग होता. खास गिऱ्हाईक आलं, की ते घरची अंडी काढत.

आता गुडघे कुरकुरू लागले होते. आपली जागा लेकीला मिळावी, एवढी एकच इच्छा राहिली होती. मालक म्हणाला, "तुमची मुलगी म्हणून नाही देणार हं. एक अंडं फोडून गरम पाण्यात शिजवायचं, दुसरं अख्खं उकडून सोलायचं. सोबत फक्त मीठ. आणि वस्ताद, तुम्ही तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

परीक्षेच्या दिवशी सकाळी वस्तादांनी अजून कोमट असलेली अंडी फडक्यात गुंडाळून लेकीच्या हातात दिली. "जा, बघतोच कोण नाव ठेवतं ते!"

पहिलं अंडं पाण्यात पडलं आणि पांढरं बलकाभोवती घट्ट गोळा झालं, एक तार इकडेतिकडे गेली नाही. वस्तादांची छाती फुगली. मग लेकीने दुसरं पातेलं ठेवलं आणि त्यांच्या एकदम लक्षात आलं. इतक्या ताज्या अंड्याचं टरफल सहजी सुटत नाही, सोलताना लचके निघतात. उकडायला ते नेहमी ट्रेमधलीच अंडी घेत, त्यामुळे आज ही गोष्ट डोक्यातच आली नव्हती. ताजेपणाच्या तोऱ्यात आपणच पोरीला तोंडघशी पाडलं, आणि बोलायचीही सोय नाही!

लेकीने पिशवीतून एक छोटा डबा काढला. त्यातलं अंडं उकडलं, थंड पाण्यात टाकलं, सोललं. टरफल अलगद सुटून आलं.

"हे वेगळं का?" मालकाने विचारलं.

"हे मागच्या आठवड्यातलं. ताजं सोलताना फाटतं."

"म्हणजे मला शिळं?"

"त्याच कोंबड्यांचं आहे. माझ्या वाटणीचं न खाता ठेवलं होतं. बाबा आज सगळी ताजीच देणार, हे मला ठाऊक होतं."

भांडी घासणाऱ्या बाई फिस्सकन हसल्या. मालकाने दोन्ही अंडी चाटूनपुसून खाल्ली आणि भटारखान्याची किल्ली तिच्यापुढे सरकवली. वस्तादांना हसूही आलं आणि डोळेही भरून आले. इतकी वर्षं कौतुक कोंबड्यांचं केलं, आणि खरी करामत घरात दुसरीकडेच वाढत होती.

संध्याकाळी खुराड्यात कोंबडी कलकलली. सवयीने वस्ताद पुढे झाले, थबकले आणि बाजूला सरले.

"घाल हात," ते लेकीला म्हणाले. "आजचं कुठलं वापरायचं, कुठलं मुरू द्यायचं, ते आता तू सांगायचं आणि मी ऐकायचं."