तुळसाबाईची साक्ष

"उद्या कोर्टात येवढंच सांगाचं, तुळसाबाई. अंधार होता, मले कोनी वळखू आलं नाई."

विठ्ठलराव पाटील वस्तीच्या तोंडाशी उभे होते. आजवर ते तिला नुसतं तुळशी म्हणत. 'बाई' आज पहिल्यांदाच लावलं होतं.

गोधडीचा टाका ओढत तुळसाबाई म्हणाली, "अंधार कुठं होता, पाटील? घरं जळून राह्यलती."

बुद्धाची दीक्षा घेतल्यावर वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं सोडलं आणि पुढच्या शिमग्यात गावानं वस्ती पेटवली. तुळसाबाईचा नवरा उकंडा शेजारच्या म्हातारीला बाहेर काढून पुन्हा आत वळला, तेव्हा पाटलांचा धाकटा भाऊ मारोतराव यानं त्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. तिच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून गावानं वस्तीचं काम तोडलं होतं, पाणीही.

"झालं ते वाईटच झालं," पाटील म्हणाले. "पन गाव नांदाले पाह्यजे का नाई? समेट करू. विहीर मोकळी, वावरातलं काम मोकळं."

उकंड्याचा धाकटा भाऊ भीमराज तिच्याजवळ येऊन बसला. "वैनी, लेकरं नाल्याचं पानी पिऊन राह्यले. दादा त आता वापस येत नाई."

तुळसाबाईनं सुई गोधडीत खोचली. "समेट मलेबी पाह्यजे. मारोतरावनं चावडीवर सगळ्याईसमोर म्हनाव, म्या मारलं. मंग मीबी म्हनतो, अंधार होता."

पाटलांचा चेहरा उतरला. "ते कसं जमंल?"

"मंग मलेबी नाई जमत."

यवतमाळच्या कोर्टात भीमराजनं खाली पाहत सांगितलं, अंधार होता. वस्तीतल्या बाकीच्यांनीही तेच सांगितलं. तुळसाबाईनं मात्र हात उचलला आणि मारोतरावकडे बोट केलं.

"बाई, दुश्मनी काढता काय?" त्याच्या वकिलानं विचारलं.

"नाई साहेब. पाह्यलं ते सांगून राह्यलो."

निकालाच्या दिवशी मारोतराव सुटला. एका साक्षीवर भागलं नाही, असं सरकारी वकिलानं बाहेर येऊन तिला सांगितलं.

गावाकडे जाणारी प्रवासी मोटार एकच होती. मारोतराव पुढं बसून हसत होता. मागं त्याची बायको भागीरथा एकटीच होती. तुळसाबाईला पाहून तिनं लुगडं आवरलं, सरकून जागा केली.

"बस न, बाई."

तुळसाबाई हलली नाही.

खिडकीबाहेर बघत भागीरथा हळूच म्हणाली, "त्या रातचं त्याईचं धोतर म्याच धुतलं."

तुळसाबाई तिच्याकडे वळली. "मंग कोर्टात काहून नाई बोलली?"

भागीरथानं पदर तोंडात धरला.

दारव्हा आलं. माणसं उतरली, नवी चढली. "जागा हाय न, बाई, बसून घ्या," कोणीतरी म्हणालं.

गाव येईपर्यंत तुळसाबाई वरचा दांडा धरून उभीच राहिली.